मंजूर पदे चार

रत्नमालाबाईंनी नीट रचलेल्या फायलींचा गठ्ठा उचलला आणि टेबलावर मुद्दाम आडवातिडवा पसरला. दोन फायली खाली पडल्या. त्या उचलायला बाई वाकणार, तोच दारातून बाबुलाल चहावाला ओरडला,

"राहू द्या मॅडम! पडल्या तं पडू द्या. आज पसाराच पाहिजे आपल्याले."

बाई हसल्या. हात मात्र शिवशिवत होते.

तालुक्याच्या रोजगार केंद्रात मंजूर पदे चार आणि माणूस एक, हे गणित वर्षानुवर्षं चालत आलं होतं. कुलूप उघडायचं बाईंनी, झाडू मारायचा बाईंनी आणि केंद्रप्रमुख म्हणून सहीही त्यांनीच ठोकायची. आता वरून नवा नियम आला होता. काम पाहून माणसं द्यायची. जिथे एकट्याला झेपत नाही तिथल्या जागा भरायच्या, झेपतं तिथल्या रद्द. आज रोजगार मेळावा होता आणि तो बघायला खास नागपूरहून साहेब निघाले होते. बाईंना रात्रभर धड झोप नव्हती.

रिकाम्या जागांपैकी एक संगणकाची होती, आणि ती याच केंद्रात नाव नोंदवलेल्यांमधून भरायची होती. आसगावच्या दीपमालाला तो नियम तोंडपाठ होता. टायपिंग, संगणकाचा कोर्स, सगळं तिच्याजवळ होतं; नव्हती ती फक्त जागा. म्हणून ती रोज येऊन बाईंच्या हाताखाली फुकट राबायची.

"मॅडम, जागा निघाली तं मी पुण्याले जातच नाही," ती म्हणाली. "तो कंपनीवाला रोज फोन करून राहिला. पॅकिंगले ये म्हणते. मायले सांगितलं, थांब जराशी."

"निघते ना! काहून नाही निघणार? फक्त आज तू कशाले हात लावू नको. गर्दी होऊ दे, गोंधळ होऊ दे. साहेबाले दिसू दे."

"हो मॅडम!" दीपमाला हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

आणि गर्दी आलीच. दुचाकीवर तिघं तिघं, काळीपिवळी जीपच्या मागे लटकलेली, चिखल्याहून पहाटेच निघालेली पोरं. दारात रेटारेटी सुरू झाली. बाई खुर्चीत घट्ट बसून राहिल्या. मांडवातले कंपनीवाले ओरडू लागले, कुणाची चप्पल गेली, कुणाची पिशवी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात त्या चेंगराचेंगरीत एका मुलीची मार्कशीट मधोमध फाटली, आणि ती दोन तुकडे दोन हातांत धरून रडायला लागली.

जित्याची खोड! बाई ताडकन उठल्या.

"ए पोरांनो, रांग करा! बारावीवाले इकडं, आयटीआयवाले झाडाखाली! पोरी, रडू नको, चिकटपट्टी हाये माझ्याजवळ. दीपमाला, बस संगणकावर!"

"पण मॅडम, आपलं तं ठरलं होतं..."

"बस म्हणते ना!"

मग काय विचारता! लग्नाच्या पंगतीत वाढपी उभे राहतात तशी पोरं आपणहून उभी राहिली. एकानं पाण्याची कॅन धरली, दोघं कागद तपासायला बसले, एक खड्या आवाजाचा पोरगा नावं पुकारू लागला. दीपमालाची बोटं संगणकावर नुसती पळत होती. पहिल्याच पोराची निवड झाली तेव्हा मांडवात असा जल्लोष झाला की बाबुलाल चहाचं भांडं गॅसवर तसंच सोडून धावत आला. बाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. दारात गाडी येऊन थांबल्याचंही त्यांना कळलं नाही.

"वा!" मागून आवाज आला. साहेब रांगांकडे बघत उभे होते. "इथे माणसं किती?"

"मी एकटीच, साहेब."

"हे सगळं एकट्या करता?"

आजवर वरून फक्त खुलासे मागवणारी पत्रं आली होती. असं कुणी डोळे मोठे करून बघितलं नव्हतं.

"हो साहेब," बाई म्हणाल्या. "करते आपलं."

"आणि ह्या?" साहेबांनी संगणकाकडे बोट केलं.

"त्या... उमेदवार आहेत."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

साहेब गर्दीकडे वळले. "याला म्हणतात काम! मॅडमचं नाव मी आदर्श कर्मचारी म्हणून पाठवतो. एक माणूस काय करू शकतो ते सगळ्या विभागाला दाखवतो. इथल्या रिकाम्या जागांची आता गरजच नाही."

'आदर्श' ऐकूनच पोरांनी गलका केला. शिट्ट्या वाजल्या. शेवटचं वाक्य त्या गलक्यात दीपमालापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. ती खुर्चीतून उठून, हात डोक्यावर नेऊन, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

साहेबांनी फोटोसाठी मोबाईल काढला. बाईंचे कान आनंदानं तापले होते. त्यांनी पदर सारखा केला, साहेबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्या दीपमालाकडे बघितलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मले हे एकटीले जमत नाही."

"काय म्हणालात?"

"जमत नाही. कधीच जमलं नाही." या वेळी बाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की झाडाखालच्या रांगेनंही माना वळवल्या. "ही पोरगी रोज येते, बिनपगारी, म्हणून हे केंद्र चालते. आजचं तं या सगळ्या पोराईनं केलं. मी नाही."

टाळ्या विरत गेल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, मग संगणकाकडे वळून विचारलं,

"तुमचं नाव काय?"

दीपमालाचे हात अजून टाळीसाठी वरच होते.