बोलायचं समोरच्यांनी

वारीसोस गेली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, नदीवरचा बर्फ तडकायला लागला त्या दिवशी सकाळी. तिचा धाकटा भाऊ सावातीस, वय अठ्ठ्याहत्तर, त्या वेळी आरोग्य केंद्राच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला निघाला होता. कोट चढवून झाला होता, एक बूट पायात होता, तेवढ्यात भाचीचा, ग्लेंडाचा, फोन आला. ऐकून झाल्यावर त्याने दुसराही बूट घातला, नाडी बांधली आणि तसाच खुर्चीत बसून राहिला. आपण कुठे निघालो होतो हे त्याला आठवेना.

उद्घाटनाला त्याचं काम एवढंच असे, आभाराचे शब्द म्हणायचे. सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरच्या, मोहॉक आदिवासींच्या त्या गावात चार माणसं कशासाठीही जमली तरी सगळ्याआधी ते शब्द. सुरुवात जमलेल्या माणसांपासून, मग धरतीमाय, पाणी, मासे, गवत, मका-घेवडा-भोपळा या तिघी बहिणी, औषधी, जनावरं, झाडं, पाखरं, वारे, गडगडणारे आजोबा, थोरला भाऊ सूर्य, चंद्रआजी, तारे, आणि शेवटी हे सगळं ज्याने घडवलं तो. एकेकाचे आभार मानायचे, आता आपली मनं एक झाली असं म्हणायचं, बाकांवरून हुंकार आला की पुढे जायचं. पाठ करून म्हणायचं नसतं. दर वेळी आपल्या शब्दांत.

तीस वर्षं सावातीस बोलतच होता. शाळेचा निकाल, दवाखान्याची बैठक, पुलावरचा मोर्चा, कुणाचं बारसं, कुणाची माती. अलीकडे संयोजक बाई हळूच कानाशी येऊन म्हणत, "दोन मिनिटांत होईल ना? पाहुण्यांना निघायचंय." मग तो वारे आणि गडगडाट एका वाक्यात उरकून टाकी. माशांचे आभार मानताना तर त्याची मान आपोआप खाली जाई. कारखान्यांनी नदी नासवल्यापासून ते मासे पोरांच्या ताटात वाढायचं धाडस कुणी करत नव्हतं. वारीसोस त्याची चेष्टा करी, "तू स्ट्रॉबेरीचे आभार मानतोस ना, तेव्हा तुझं तोंड पुलावर सरहद्दीच्या तपासणीच्या रांगेत उभं असल्यासारखं होतं."

"मग तू म्हण," तो वैतागून म्हणे.

"मी टोपल्या विणते. तुझं तू बघ."

आता ती नव्हती, आणि नेमकं आता त्याने बोलायचं नव्हतं.

ते लांडगा कुळातले. लांडग्यांच्या घरी मरण झालं की लांडग्यांनी कशाला हात लावायचा नाही. लांबघरात, म्हणजे गावाच्या विधींच्या लांबट सभाघरात, समोरच्या बाकावर बसणाऱ्या अस्वल कुळाने सगळं करायचं. खड्डा त्यांनी खणायचा, रांधायचं त्यांनी, आणि बोलायचंही त्यांनीच. दुःखातल्या माणसाचे डोळे पाण्याने भरलेले असतात, कान बंद असतात, घशात काही अडकलेलं असतं. ज्यांची मनं निवळलेली आहेत त्यांनी डोळे पुसायचे, कान मोकळे करायचे, घसा मोकळा करायचा. दुसऱ्यांच्या मयतीत हे सावातीस शेकडो वेळा बोलला होता.

अडचण अशी की अस्वलांचा जुना बोलणारा म्हातारा गेल्या वर्षीच गेला. उरला एलरॉय. बावन्न वर्षांचा. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचं लोखंड जोडण्यात त्याची हयात गेली होती. गुडघा निकामी झाला तेव्हा घरी परतला आणि तीन हिवाळे सावातीसच्या वर्गात बसला. शब्दांचा क्रम लक्षात ठेवायची त्याची आपली एक युक्ती होती. पहिल्या मजल्यावर माणसं, दुसऱ्यावर धरती, तिसऱ्यावर पाणी, असं चढत जायचं. पण सातव्या मजल्यावर त्याचा पाय घसरे तो घसरेच.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडाच्या स्वयंपाकघराचा ताबा अस्वलांच्या बायकांनी घेतला. मक्याचं सूप मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. ग्लेंडा झाकण उचलायला गेली तशी थेरेसा नावाची जाडजूड बाई खेकसली, "हात नको लावूस. जा, मामापाशी बस."

"माझं पातेलं आहे ते!"

"दहा दिवस नाही."

ग्लेंडा येऊन सावातीससमोर बसली. "मामा, उद्या तूच बोल."

"मी नाही बोलायचं गं. तुला काय माहीत नाही?"

"माहितीये. आणि एलरॉय कसा बोलतो तेही माहितीये. सुगीच्या जेवणाला औषधींपाशी अडकला तो पाच मिनिटं छताकडे बघत उभा. आईला असं मध्येच लटकवून ठेवायचं? वाटेला लावताना शब्द तरी धड नकोत का?"

"आणि समोरच्यांना काय सांगू? तुमच्यात कुणी लायक नाही, तेव्हा मीच रडतो आणि माझे डोळे मीच पुसतो?"

"काहीही सांग. तुला कोण बोलणार आहे? अख्खं गाव तुझ्याकडून शिकलंय."

त्याच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तो 'बरं' म्हणाला. तीस वर्षं तो असाच 'बरं' म्हणत आला होता, कारण 'नाही' म्हणायचं तर जास्त बोलावं लागतं.

दुपारी तो दफनभूमीकडे गेला. जमीन वरून हातभर गोठलेली होती. अस्वलांचे चार पुरुष ती फोडून कुदळीने खणत होते. एलरॉय कंबरेइतक्या खड्ड्यात उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"कितव्या मजल्यावर आहेस?" सावातीसने विचारलं.

एलरॉय दचकला. "काका, झाडं आधी की पाखरं आधी?"

"झाडं. नाहीतर पाखरं बसतील कुठं?"

"हां, हे बरं सांगितलंत. हे नाही विसरायचो."

"राहू दे आता. उद्या मी बोलतो."

एलरॉयने कुदळ टेकवली. "खरंच? काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा. चाळिसाव्या मजल्यावर तुळईवरून चालताना कधी घाम फुटला नव्हता हो." मग म्हणाला, "पण असं चालतं का, काका?"

"चालवून घ्यायचं."

एलरॉयने मान हलवली. सुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर आला, पण टिकला नाही. "तिच्यासाठी तयारी केली होती मी," तो म्हणाला, "एवढंच." आणि पुन्हा कुदळ उचलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लांबघर माणसांनी भरलं. मधोमध वारीसोसची पेटी होती. दोन्ही टोकांच्या शेगड्यांत लाकडं जळत होती. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर सावातीस लांडग्यांच्या बाकावरून उठला. अस्वलांच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पहिली गोष्ट माणसांची. आज आपण सगळे सुखरूप येऊन पोचलो, याबद्दल एकमेकांचे आभार. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की ते म्हणायला तो जागा असायचीही गरज नव्हती. त्याने तोंड उघडलं. सगळे. सुखरूप. त्याची नजर पेटीवर गेली आणि आवाज फुटलाच नाही.

त्याने आवंढा गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. घशात काही अडकलेलं असतं, ही जुन्या लोकांची बोलायची रीत आहे असं त्याला आजवर वाटत आलं होतं. ती रीत नव्हती. तिथे खरंच काहीतरी होतं, मक्याच्या बुरकुंडाएवढं, आणि ते खालीही जाईना, वरही येईना. शेगडीत लाकूड फुटलं. कुणीतरी खोकलं. आपण किती वेळ असे उभे आहोत हे त्याला कळेना. खाली बसावं तर तेही जमेना. शरमेने त्याचे कान तापले.

समोरच्या बाकावर एक गुडघा कटकन वाजला. एलरॉय उभा राहिला.

"बसा काका," तो हळूच म्हणाला. ग्लेंडाने कोट धरून सावातीसला खाली ओढलं.

एलरॉयने तयारी सोडून दिली होती, ते दिसतच होतं. त्याचे हात कुदळीच्या फोडांनी सोललेले होते आणि कुठे ठेवावे ते त्याला सुचत नव्हतं. त्याने आधी डोळे पुसायचे शब्द म्हटले, मग कानांचे, मग घशाचे, क्रमाने, एकेक, ओझं उतरवून ठेवावं तसे. नंतर तो चढायला लागला. माणसं. धरती. पाणी. मग मासे.

"मासे आता फार दमलेत," एलरॉय म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "पाणी साफ ठेवायचं काम त्यांना फार पूर्वी दिलं होतं. पाण्याची ही अशी दशा झाली, तरी त्यांनी काम सोडलेलं नाही. आम्ही त्यांचे आभार मानतो. आता आपली मनं एक झाली."

बाकांवरून हुंकार आला. सावातीसचा हुंकार थोडा मागाहून आला.

गवत झालं, तिघी बहिणी झाल्या, आणि एलरॉय थांबला. सातवा मजला. त्याने छताकडे पाहिलं. मागच्या बाकावर कुणी पोरगी फिसकन हसली आणि तिला कुणीतरी चिमटा काढला. ग्लेंडाने मामाच्या दंडाला कोपर लावलं. औषधी. शब्द सावातीसच्या दातांशी येऊन थांबला होता. त्याचा घसा आता मोकळा होता, नुसतं पुटपुटलं तरी पुरलं असतं, आणि मग पुढचं सगळं त्यालाच सांगत जावं लागलं असतं, एकेक मजला, शेवटपर्यंत, आजही.

त्याने दात मिटले आणि पेटीकडे पाहिलं. तिच्या आत त्याची बहीण होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलं नाही.

एलरॉयने केव्हा पुन्हा सुरुवात केली ते त्याला समजलं नाही. हुंकार येत होते, त्यात त्याचाही होता. शेवटी काही राहून गेलं असेल तर ते मुद्दाम नाही, ज्याने त्याने आपल्या मनाने त्याचे आभार मानावेत, असं म्हणून एलरॉय बसला. मग अस्वलांच्या पुरुषांनी पेटी उचलली.

माती देऊन आल्यावर जेवण झालं. एलरॉय सुपाचा वाडगा घेऊन सावातीसशेजारी येऊन बसला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली होती.

"बोला काका. किती गाळले?"

"काय?"

"मजले हो. औषधींनंतर मला काही आठवतच नाही. वारे घेतले का मी? गडगडाट?"

सावातीसने आठवून पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत कुणीही बोलत असलं तरी त्याच्या डोक्यात आपोआप खुणा होत जात, इथे चुकलं, तिथे राहिलं. आज एकही खूण नव्हती.

"नाही सांगता येत."

"मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही तुम्ही."

"नाही रे. मी ऐकत होतो."

एलरॉयला ते पटलं नाही. "म्हणजे भरपूर गाळलेत. ग्लेंडा आता वर्षभर टोमणे मारणार मला."

"मारू दे. दहाव्याच्या जेवणाला म्हण राहिलेले."

"दहाव्यालाही मीच?"

"मग कोण?" सावातीसने चमचा खाली ठेवला. "मी दमलोय एलरॉय. माझी बहीण गेली."

फोन आल्यापासून हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

"हो काका," एलरॉय म्हणाला, आणि सूप निवत होतं तरी तिथेच बसून राहिला.