माझ्यावर लिहिलं होतं: ‘मी घरं घेते. रोख. लगेच.’

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे. चौकातल्या गवतात तारेच्या दोन पायांवर उभी राहणारी, पोकळ प्लास्टिकची, पिवळीधमक पाटी. माझ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी घरं घेते. रोख. लगेच.’ खाली फोन नंबर.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, एका छापखान्यात मी आणि माझ्या बहिणी एकाच दुपारी जन्मलो. शाई ओली होती तेव्हाच शॅवॉन ब्रिट आम्हाला न्यायला आली. पार्सलच्या गोदामात खोकी वाहणारी, सव्विसेक वर्षांची, हसरी मुलगी. तिने आम्हाला गाडीच्या मागच्या सीटवर नीट रचलं आणि वर स्वतःचं जाकीट पांघरलं. मला वाटलं, काय मोठ्या घरची मालकीण भेटली.

गाडीत ती घरांचा धंदा शिकवणाऱ्या एका माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं लावून ठेवायची. हॉटेलच्या हॉलमध्ये त्याचा वर्ग तिने केला होता. तो सांगायचा, या धंद्यात उतरायला ना पैसा लागतो, ना बँक. ज्याला घर विकायची घाई आहे त्याला गाठा, कमी भावात करार करा, आणि मुदत संपायच्या आत तोच करार जास्त भावात दुसऱ्याला देऊन टाका. मधली रक्कम तुमची. मी हे रोज ऐकत होते, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. मी माझ्यावर लिहिलेलंच खरं मानत होते.

तिने मला एका चर्चजवळच्या कोपऱ्यावर रोवलं. लोक जाता-येता माझ्याकडे बघत. कुणी हसे, एका कुत्र्याने तर मला रोजचा खांबच करून टाकलं. मग एका सकाळी मिस्टर ओडेल गेटवुड आले. ताठ कण्याचे, डोक्याला टोपी, एक गुडघा अधू. चष्मा घरी विसरलेले. नंबर दिसेना, म्हणून त्यांनी मला सरळ उपटलं आणि काखेत मारून घरी नेलं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात फ्रिजला टेकवून ठेवलं आणि चष्मा लावून फोन केला. ते घर छोटं, लाकडी, पुढे उंच पायऱ्यांचा ओटा. बायको व्हर्लीन जाऊन दोन हिवाळे झाले होते. मुलगी रेनिटा ह्यूस्टनला, ती कधीची मागे लागली होती, बाबा इकडे या, खोली तयार आहे. गुडघा आता पायऱ्या चढू देत नव्हता.

शॅवॉन आली ती इस्त्रीचा शर्ट घालून. पाटी वाचून तिला आलेला हा पहिलाच फोन होता. मिस्टर ओडेलनी तिला आधी जेवायला बसवलं: मक्याचा पाव, चवळी, मोहरीचा पाला. खाऊन झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“म्हणजे घर तूच घेणार ना?”

“हो, मिस्टर ओडेल. मीच.”

मी फ्रिजजवळ अभिमानाने फुगले होते. माझ्यावर लिहिलेलं खरं होत होतं.

करार झाला. खाली बारीक अक्षरांत होतं की ती तो दुसऱ्याला देऊ शकते किंवा सोडूनही जाऊ शकते. ते त्यांनी वाचलं नाही. महिनाअखेरच्या शुक्रवारी खरेदी ठरली, आणि त्यांनी घर आवरायला घेतलं. व्हर्लीनचा पियानो चर्चला दिला. पलंग शेजारच्या नव्या जोडप्याला. फ्रिज गेला तेव्हा मला भिंतीला टेकावं लागलं. शनिवारच्या बसचं तिकीट त्यांनी टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवलं.

मधल्या काळात शॅवॉन दोन-तीन माणसांना घेऊन आली. चकचकीत बूट घातलेला एक जण जमिनीवर टाच आपटून म्हणाला, पाया खचलाय. दुसऱ्याने फोटो काढले आणि पुन्हा दिसला नाही. मिस्टर ओडेलना वाटलं, ही हिची दुरुस्तीची माणसं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

गुरुवारी दुपारी ती एकटी आली. ते रंगाच्या पालथ्या बादलीवर बसले होते, डोक्यावर टोपी, पायाशी एक सूटकेस. ती दारातच उभी राहिली.

“मिस्टर ओडेल, उद्या खरेदी होणार नाही.”

“बँक अडली का? मग सोमवारी करू. तिकीट बदलून घेतो.”

“बँक नाहीच. माझ्याकडे पैसे नाहीत. कधीच नव्हते. मी दुसरं गिऱ्हाईक शोधत होते. मिळालं नाही.”

मी हादरले. खरंच सांगते, वादळात उडून गटारात पडले असते तरी इतका धक्का बसला नसता. महिनाभर मी या घरात उभी राहून जे सांगत होते, त्यातला एकही शब्द खरा नव्हता. मिस्टर ओडेलनी मान वळवून मला वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जणू आत्ताच चष्मा लागला होता.

“मग यावर ‘मी’ म्हणजे कोण?”

ती दारातून एक पाऊल आत आली.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “मी माझा पलंग देऊन टाकला.”

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. रडत रडत सगळं बोलली. शिकवणाऱ्याने तिला सांगितलं होतं, जाऊ नकोस, फोन उचलणं बंद कर, कराराने तू मोकळी आहेस.

“मग आलीस कशाला?”

“तुम्ही मला जेवू घातलं होतंत.”

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. “जा. माझा पलंग घेऊन ये.”

ती शेजारी गेली. नव्या जोडप्याने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणालं, दिलेली वस्तू परत मागतात का कुणी? ती रिकाम्या हातांनी गाडीत बसली. संध्याकाळच्या आत परत आली ती स्वतःची गादी टपावर बांधून. स्वतःच ती ओढत ओढत आत आणली. मिस्टर ओडेलनी पायऱ्यांवरून बघितलं, पण हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पालथं केलं. माझी पाठ कोरी होती. ब्रशने, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘हे घर विकायचंय. मालक आत बसलाय.’ आणि मला अंगणात रोवलं.

शॅवॉन रोज डबा घेऊन यायची. ते डबा घेत आणि दार लावून घेत. ओट्यावर बसून ती कागदपत्रांसाठी फोन लावायची, पन्हाळी साफ करायची, खचलेल्या कोपऱ्यासाठी गवंडी शोधायची. शेवटी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी मार्व्हेला स्टिगर्स पोरांना घेऊन दारात आली. दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहत होती. तिला घर राहायला हवं होतं. तिच्या बँकेच्या कर्जाचं होईपर्यंत उन्हाळा सरला, पण झालं. करारातल्या भावापेक्षा बरंच जास्त मिळालं. किती, ते त्यांनी शॅवॉनला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

बस-स्थानकावर तिनेच त्यांना सोडलं. मी मागच्या सीटवर होते, गादी टपावर. उतरताना त्यांनी फोन काढला, तिच्यासमोर तिचा नंबर पुसून टाकला आणि म्हणाले, “गादी चांगली आहे. त्याबद्दल आभारी आहे.” एवढंच. बस निघून गेल्यावरही ती तिथेच उभी होती.

माझ्या बहिणी तिने एकेक करून चौकांतून उपटून आणल्या. घरांच्या दलालीच्या परवान्याची परीक्षा द्यायचं चाललंय, पहिल्यांदा नापास झाली. गोदामातली खोकी अजून वाहतेच. मला तिने फेकलं नाही, का ते मला माहीत नाही. अजून तिच्या गाडीतच आहे; काचेतून ऊन येतं आणि माझा पिवळा रंग दिवसेंदिवस विटत चाललाय.

निरोप घेण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कधी एखाद्या पाटीवर काही लिहायला बसलात, तर जे तुमच्यापाशी नाही ते लिहू नका. आम्हाला खरं-खोटं कळत नाही. आम्ही ते भर चौकात, उन्हापावसात, प्रत्येकाला सांगत उभ्या राहतो.