खारूला झालंय तरी काय?

मूल हट्टी झालं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "लाडावून ठेवलंय, दुसरं काय!" मास्तरांच्या घरातही गेले दोन महिने हेच चाललं होतं. फरक एवढाच, की आधी हे वाक्य शेजारी बोलत आणि आता खुद्द मास्तरही बोलू लागले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. ते गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि त्या ब्रेकच्या भरवशावर त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती. बाहेर त्यांच्या शांत स्वभावाचं कौतुक होई. घरी मात्र तेरा वर्षांच्या मुलीपुढे त्यांनी हात टेकले होते.

लहानपणी ती सगळीकडे सरसर चढायची म्हणून तिचं नाव पडलं खारू. अभ्यासात बरी, बोलायला गोड, घरात आल्या आल्या आईच्या गळ्यात पडणारी. आणि आता? हाक मारली तर ओ नाही. जेवायला बोलवलं तर ताट सरकवून उठायची. दारं आपटायची. "गृहपाठ झाला का?" एवढं विचारलं तरी "तुम्हाला काय करायचंय?" असं अंगावर यायची. मास्तरांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, मोबाइल काढून घेतला, नवे बूट आणून दिले. पालथ्या घड्यावर पाणी!

"चौदावं रत्न दाखवा एकदा," खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सुतासारखी सरळ होईल."

मास्तर कसनुसे हसले. आजवर त्यांनी पोरीवर हात उगारला नव्हता.

शिवाय त्यांच्या डोक्याला दुसरा घोर होता. खारूच्या आईच्या छातीत गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली होती आणि आता रोज सकाळी रुग्णालयात जाऊन किरणांचे उपचार घ्यावे लागत होते. यातलं खारूला काहीच सांगायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. "लहान आहे ती. वर्ष अभ्यासाचं. कशाला तिच्या जिवाला घोर?" शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी तिला सांगितलं, आई मावशीकडे राहायला गेलीय. उपचारांची वेळही अशी मागून घेतली, की पोरगी शाळेत असताना जाऊन यावं. आई दुपारी गळून पडायची, तेव्हा "उन्हाने डोकं दुखतंय तिचं" म्हणायचं. झाकली मूठ नीट झाकलेली आहे, असं त्यांना वाटत होतं.

मग एके दिवशी शाळेतून फोन आला. खारूने वर्गातल्या एका मुलीला पाण्याची बाटली फेकून मारली होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्या मुलीचे आईवडील मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले होते आणि मास्तरांना त्यांच्यापुढे हात जोडून उभं राहावं लागलं.

"का मारलंस?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

खारूने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं.

"अगं, बोल ना! का मारलंस तिला?"

"मारावंसं वाटलं म्हणून!"

मास्तरांचा हात कधी उठला, ते त्यांनाही कळलं नाही. गालावर बोटं उमटली. खारू रडली नाही. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मारा ना अजून."

आतल्या खोलीतून आईची हाक आली, "अहो, काय झालं?" उठून यायचं बळ तिच्यात नव्हतं. मास्तर तिथेच खुर्चीत बसले. जिंकल्यासारखं तर काहीच वाटत नव्हतं आणि आता यापुढे काय करायचं, हेही सुचत नव्हतं. मारही संपला होता आणि मायाही पोचत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडीत बाई होत्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाळेत समुपदेशनाचं काम करत. साठी उलटल्यावर गाडी शिकायची हौस आली आणि सगळे हसले तरी त्या मागे हटल्या नाहीत. सिग्नलला त्यांची गाडी बंद पडली. मागून भोंग्यांचा गलका सुरू झाला. बाई गोंधळल्या.

"वाजवू द्या त्यांना," मास्तर शांतपणे म्हणाले. "क्लच दाबा. आता चावी फिरवा. हं, सावकाश."

गाडी पुढे निघाल्यावर बाईंनी सुस्कारा सोडला. "तुम्ही ओरडत कसे नाही हो?"

"घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो जास्त घाबरतो, बाई. मग ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबतो."

"आणि घरी? परवा म्हणालात, मुलगी हाताबाहेर गेलीय."

मास्तरांचा चेहरा पडला. "तिची गोष्ट वेगळी. ती घाबरलेली नाही. माजलीय." आणि न राहवून त्यांनी कालचं सगळं सांगून टाकलं, थपडेसकट.

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पहिल्यांदाच न चुकता घेतली.

"मास्तर, मोठी माणसं घाबरली की सांगतात तरी. मुलांना ते सांगता येत नाही. मग कुणी खोटं बोलतं, कुणी आदळआपट करतं, कुणी चुळबुळ करतं, कुणी अगदीच गप्प होतं. ताप आला तर आपण मुलाला मारतो का? कशाने आला ते शोधतो. इथे मात्र आपण तापालाच झोडपत बसतो. दोन महिन्यांपूर्वी घरात काय घडलं, ते आठवून बघा."

"घरात?" मास्तर चपापले. "घरात काही नाही. म्हणजे... हिची शस्त्रक्रिया झाली. पण पोरीला त्यातलं काहीच माहीत नाही!"

"नक्की?"

उत्तर द्यायच्या आतच त्यांचा मोबाइल वाजला. वर्गशिक्षिका होत्या. "खारू आजही आली नाही. या आठवड्यात तिसऱ्यांदा. काल गडबडीत विचारायचं राहिलं, तुम्हाला कल्पना आहे ना?"

कल्पना! सकाळी दप्तर पाठीला लावून ती त्यांच्या डोळ्यांदेखत निघाली होती.

"उतरा बाई, मी घेतो गाडी," मास्तर घाईने म्हणाले.

"या मनःस्थितीत नको," बाई म्हणाल्या. "मीच चालवते. तुम्ही फक्त रस्ता सांगा."

बसथांबा पाहिला, बाग पाहिली, वाचनालय पाहिलं. दिसेल त्या गणवेशाकडे मास्तर खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. तलावाच्या कडेने गाडी गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मनात नाही नाही ते येत होतं. कालच्या त्या नजरेत काय होतं? आपण काय करून बसलो?

शेवटी ते घरी आले. बायको उपचार घेऊन रिक्षाने परतली असेल, तिला हे सांगायचं कसं, या विचाराने त्यांना एकेक पायरी जड जात होती. दाराशी पोचले आणि बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. "वर बघा."

गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात, कठड्याच्या गजांआड, खारू बसली होती. दप्तर मांडीवर. तिथून फक्त एकच गोष्ट दिसत होती, त्यांच्या घराचं दार.

"इथे बसतेस होय!" मास्तर कडाडले. जीव भांड्यात पडला होता, पण तोंडातून मात्र रागच बाहेर पडला. "शाळा बुडवून इथे—"

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "आधी विचारा."

मास्तर थांबले. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? ते दोन पायऱ्या चढले आणि लेकीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. "खारू, इथे का बसलीस गं?"

ती दप्तराचा पट्टा पिळू लागली.

"आई परत येते का ते बघत होते."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी मी शाळेतून आले तर आई नव्हती. तुम्ही म्हणालात, मावशीकडे गेलीय. मी रोज मावशीला फोन करायचे. ती रोज म्हणायची, आंघोळीला गेलीय, झोपलीय, बाहेर गेलीय. आईला फोन दिलाच नाही तिने." तिचा आवाज चिरकला. "मग एकदा तुम्ही बोलताना ऐकलं, गाठ म्हणून. मला माहितीये गाठ म्हणजे काय! शाळेतून येईपर्यंत आई गेली असली तर तुम्ही परत म्हणाल, मावशीकडे गेलीय."

मास्तरांनी तिच्या मांडीवरचं दप्तर बाजूला ठेवलं. "आणि ती बाटली?"

"ती सगळ्यांसमोर म्हणाली, तुझी आई किती वाळलीय, मोठा आजार असणार." आता मात्र खारू ओक्साबोक्शी रडू लागली. "बाबा, मी वाईट वागले म्हणून आई आजारी पडली का?"

अरे देवा! दोन महिने ही एवढीशी पोर हे ओझं एकटी वाहत होती आणि आपण तिला माजलेली म्हणत होतो!

"नाही गं, नाही! तुझ्यामुळे काही झालेलं नाही. माझं चुकलं. मी तुझ्याशी खोटं बोललो आणि वर तुलाच मारलं."

खाली दार उघडलं. आवाज ऐकून आई भिंतीचा आधार घेत बाहेर आली होती. बाईंनी तिला हात देऊन पायरीवर बसवलं आणि त्या निमूटपणे जिना उतरून गेल्या.

"आई, तू मरणार का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'काही नाही गं, उन्हाने डोकं दुखतंय तिचं' हे नेहमीचं वाक्य जिभेवर तयार होतं. पण बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेक बरी होईन," ती म्हणाली. "नक्की आत्ताच कुणालाच सांगता येत नाही, बाळा. पण जे कळेल ते तुला सगळ्यांत आधी सांगेन. शब्द देते."

तिघं जिन्यातच बसून राहिली. बायकोच्या आजारापुढे मास्तर काल जितके हतबल होते तितकेच आजही होते. फक्त आता त्यांना ते लेकीपासून लपवावं लागत नव्हतं.

खारू लगेच शहाण्या बाळासारखी वागू लागली, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पुढच्याच आठवड्यात तिने पुन्हा एकदा ताट सरकवलं. मास्तरांचा पारा चढला, पण ते तिच्या शेजारी जाऊन बसले. "आज काय झालं?" अर्ध्या तासाने उत्तर मिळालं. ज्या मुलीला लागलं होतं तिची माफीही खारूने मागितली, पण स्वतःच्या पायांनी जाऊन आणि कारण सांगून. सुटीच्या दिवशी ती आईबरोबर रुग्णालयात जाऊ लागली. तिथल्या डॉक्टरांना ती इतके प्रश्न विचारी, की मास्तरांना लाज वाटे. त्यांनी स्वतः यातला एकही प्रश्न विचारायचं धाडस केलं नव्हतं.

वाचकहो, बिघडलेलं मूल आपल्याला लगेच दिसतं, पण घाबरलेलं मूल मात्र शोधावं लागतं, आणि पुष्कळदा ती दोन्ही मुलं एकच असतात. वाईट वागण्याला आळा घालायलाच हवा, यात शंका नाही. पण हात उगारण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि घरावर संकट आलं असेल, तर त्याला पेलेल एवढं खरं त्याला सांगा. सगळ्या दुःखांपासून मुलांना वाचवणं आपल्या हातात नसतं. त्या दुःखात त्यांना एकटं न सोडणं, एवढं तरी आपल्या हातात आहे ना!