खाडीकडची कबर

बिट्रिसबाईंना लाल लुगडं नेसवून झालं, हातात रोझरी गुंडाळून झाली, तेव्हा सेलेस्टीनमामांनी त्यांच्या लेकीला, पामेलाला, मागच्या पडवीत बोलावलं. आईचे हे चुलतभाऊ. गावाने बिल्डरवर घातलेली केस त्यांच्याच जिवावर चाललेली.

"आईला कुठे ठेवायचं ठरवलंस?"

"पप्पांच्या कबरीत. ठाण्याच्या चर्चमागे. आईनेच सांगितलेलं."

मामांनी मान डोलावली, पण ते उठले नाहीत. गावाची खाडीकडची जुनी दफनभूमी बिल्डरच्या नव्या टॉवरच्या रस्त्यात येत होती. ही जागा गावाने कधीच सोडून दिली आहे, असं बिल्डरने कोर्टात सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. चिखल तुडवत तिकडे कोण जाणार, म्हणून सगळेच आपली माणसं चर्चमागे नेत आले होते.

"वकील म्हणतो, एक जरी नवी कबर असली तर ते जेसीबी आत घालायला कचरतील. बघ बाई. नाही म्हणालीस तरी कुणी काही बोलणार नाही."

मामांचा मुलगा मेलरॉय दारातून म्हणाला, "आत्याने नळावर कधी कुणाला पुढे घुसू दिलं नाही. बिल्डरला सोडतेय होय!"

आत कुणीतरी हसलं. आपणही हसायला हवं, असं पामेलाला वाटलं. चेहरा हलला नाही. आत चहा गाळत होत्या त्याच बायकांनी वर्षभर आईला पेज भरवली होती. पामेला स्वतः डोंबिवलीहून फक्त रविवारी यायची.

"फादरना विचारावं लागेल," ती म्हणाली.

"विचारलंय. सकाळीच."

म्हणजे खणायलाही घेतलं असेल. याचा राग यायला हवा होता.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी पेटी खाली उतरली. पत्र्याच्या कुंपणापलीकडे जेसीबी उभा होता. ड्रायव्हरने इंजिन बंद करून टोपी काढली. माती लोटून झाली. मेलरॉय वकिलासाठी मोबाइलवर शूटिंग करत होता.

"पामेला, जरा बाजूला हो ना. कबर दिसत नाहीये."

ती बाजूला झाली. जेसीबी वळून निघून गेला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपण कुठे उभे आहोत ते आठवून हात खाली घेतले.

मामा जवळ आले.

"हिला पप्पांकडे कधी नेता येईल, मामा?"

"ही जागा रिकामी ठेवता येणार नाही, पोरी." त्यांनी कबरीशेजारच्या मोकळ्या जमिनीकडे बोट केलं. "मी आलो इथे, की ने हिला."

मामांनी सत्तरी ओलांडली होती, आणि अजून ते रोज सायकलने बाजारात जात.