ठरलं की सांगतो

"चोराचं नाव तेवढं सांगा. बाकी मी बघते."

विमलाबाईंनी काउंटरवर हात ठेवला. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चपात्या लाटलेला हात. काउंटरची काच करकरली.

अनंतरावांनी डोळ्याचं भिंग काढलं. कसबा पेठेतल्या बोळात जिन्याखालच्या जागेत त्यांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास घ्यायला रस्त्यावर जायचं, एवढंच.

"बाई, इथं चोर येत नाहीत. चोरांना घाई असते. मला नसते."

"मग माझ्या पोराचा कॅमेरा तुमच्याकडे काय चालत आला?"

"पोरगा चालत आला. कॅमेरा त्याच्या गळ्यात होता."

विमलाबाईंनी मागे पाहिलं. सून निकिता पायरीवर उभी होती, पदराशी चाळा करत. दुकानातून फोन तिलाच आला होता. कपाट रिकामं करायचं आहे, राकेशचा नंबर बंद लागतो, म्हणून पावतीमागचा दुसरा नंबर लावला, कॅमेरा दुरुस्त करायचा की बदलून घ्यायचा ते येऊन सांगा. निकितानं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि विमलाबाईंनी लगेच चपला घातल्या होत्या. चोर सापडला. वर्षभरानं का होईना, सापडला.

राकेश गेला मागच्या नोव्हेंबरात. मार्केट यार्डाजवळ ऑर्डरीला चालला होता, रस्त्यात चक्कर आली, तिथल्या हमालांनी उचलून दवाखान्यात नेलं, तोवर संपलं होतं. एकेचाळीस वर्षांचा. हमालांनीच त्याची बॅग घरी आणून दिली. बॅगेत डबा होता, टॉवेल होता, कॅमेरा नव्हता.

विमलाबाई रडल्या नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आत काही हलतच नव्हतं. जीभ तेवढी चालत होती. आठव्या दिवशी त्या मार्केट यार्डात गेल्या, भुसार विभागात ज्या टोळीनं त्याला उचललं होतं ती शोधून काढली, आणि भर बाजारात मुकादमाला म्हणाल्या, "मेलेल्याच्या खांद्यावरचा कॅमेरा खाल्लात ना? पचेल तुम्हाला? तुमच्या पोराबाळांना पचेल?" मुकादम खाली मान घालून उभा होता. "शोधतो आक्का," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मंगळवार पेठेत कुणी विषय काढला की विमलाबाईंचं एकच वाक्य ठरलेलं होतं. हमाल म्हणजे चोर.

आणि हमाल काय असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नवरा, दशरथ, हमालच होता. पन्नाशीच्या आत पाठ गेली, मग भिंतीकडे तोंड करून अकरा वर्षं झोपून राहिला. त्याच्यासमोर त्यांनी पोराला बजावलं होतं, "तू पोत्याला हात लावलास तर मी मेले समज." राकेशनं लावला नाही. कॅमेरा घेतला. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलची मिरवणूक. वस्तीत कुणी "काय करतो पोरगा?" विचारलं की विमलाबाई जरा थांबून, समोरच्याचं पूर्ण लक्ष आहे ना ते पाहून सांगत. "फोटोग्राफर."

"कधी दिला त्यानं हा?" त्यांनी विचारलं.

अनंतरावांनी कॅमेऱ्याला रबरानं बांधलेली पावती सोडवली. विमलाबाई दुसरी पास होत्या. अक्षरं त्यांच्यासमोर घोळका करून उभी राहत, पण आकडे ओळखू येत. अकरा, सहा, तेवीस.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. "तो गेला चोवीसच्या नोव्हेंबरात. तेवीसला हा त्याच्या गळ्यात होता. रोज घेऊन जायचा."

"माझ्या अक्षराला लोक नावं ठेवतात. तारखेला अजून कुणी ठेवली नाहीत."

"रोज सकाळी बॅग घेऊन जायचा, सांगतेय ना! मी डबा भरून द्यायचे."

"बॅगेचं मला ठाऊक नाही, बाई. कॅमेरा इथं होता." अनंतरावांचा आवाज जरा खाली आला. "शटर गेलं होतं. मी त्याला दोन्ही सांगितलं होतं. शटर नवीन घालतो, दीडदोन वर्षं काढेल. नाहीतर हा देऊन दुसरा, वापरलेला पण बरा, घेऊन जा. तो म्हणाला, ठरलं की सांगतो. दोनतीन महिन्यांनी यायचा. हातात घ्यायचा, पुसायचा, बटण दाबून बघायचा. दाबलं जायचंच नाही ते. मग परत ठेवायचा. मी विचारायचो, काय राकेशराव, ठरलं का? की म्हणायचा, ऑर्डर आली की ठरवू. आता लोक मोबाइलवर काढतात हो सगळं. लग्नाला लागतात ते मोठे स्टुडिओवाले. ड्रोन घेऊन येतात."

विमलाबाई कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या. काळा, पकडीच्या जागी रबर झिजून पांढुरका झालेला.

तेवीसचा जून. म्हणजे त्यानंतरची दिवाळी. त्यानंतरचा लग्नाचा हंगाम, अख्खा. हडपसरच्या लग्नातला तो नवरीचा मामा, स्टेजवरून उतरायलाच तयार नव्हता, शेवटी दोघांनी बखोटीला धरून खाली आणला, ती गोष्ट राकेशनं जेवताना सांगितली होती, आणि हसता हसता त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला होता. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी ती साऱ्यांना सांगितली होती. फोटोग्राफरच्या आईनं सांगावी तशी.

"मामा खोटा होता?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

निकिताला काय ते कळलं. "नाही, आई. मामा खरा होता. पण ते लग्न आमच्या लग्नाच्याही आधीचं. जुनीच लग्नं सांगायचे ते. नावं बदलून."

"तुला ठाऊक होतं."

"शर्ट मी धुवायचे. सुतळीचे धागे निघायचे. तांदळाची भुकटी निघायची." तिनं पदराचा चाळा थांबवला. "मी विचारलं तर म्हणाले, आईला कळलं तर ती खरंच मरेल."

अनंतराव उगाच एक स्क्रू शोधू लागले.

विमलाबाईंना वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. बाहेरून एक स्कूटर गेली. त्यांना फक्त एवढं आठवलं, की त्या वर्षी राकेशच्या मानेमागे त्यांना एकदा लालसर चट्टा दिसला होता, आणि त्यांनी विचारलं होतं, "काय रे हे?" तो म्हणाला होता, "पट्टा घासतो कॅमेऱ्याचा." दशरथच्या मानेमागचा चट्टा त्यांनी वीस वर्षं तेल लावून चोळला होता. आणि तरी त्या म्हणाल्या होत्या, "मग रुंद पट्टा घे."

"आई," निकिता म्हणाली, "दुरुस्त करून घेऊ या. चालू नाही झाला तरी नुसता साफ करून. दहा तारखेला फोटोशेजारी ठेवू. लोक येतील."

दहा तारखेला पहिला स्मृतिदिन होता. पत्रिका छापून आल्या होत्या, विमलाबाईंच्या पिशवीत होत्या. कालकथित राकेश दशरथ ओव्हाळ, आणि खाली, त्यांनी प्रेसवाल्याला दोनदा सांगून जाड करून घेतलेलं, फोटोग्राफर.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "लोकांना दाखवायला? दाखवून झालं."

"मग बदलून देऊ का दुसरा?" अनंतराव म्हणाले. "सूनबाई शिकतील."

"ती नर्सरीच्या शाळेत जाते कामाला. तिला कशाला गळ्यात धोंडा?" त्यांनी कॅमेरा एका बोटानं काउंटरवर पलीकडे सरकवला. "शेवटचा आला तेव्हा काय म्हणाला?"

"तेच. ठरलं की सांगतो."

"त्याचं ठरलं होतं. सांगायला जागा नव्हती त्याला." विमलाबाईंनी पिशवी उचलली. "याचे काय सुटे भाग निघतील ते काढून घ्या. दुसऱ्या कुणाला लागतील. चल गं."

"घरी?"

"मार्केट यार्डात."

दोघी रिक्षात बसल्या. स्वारगेटच्या सिग्नलला निकितानं सासूचा हात धरला. विमलाबाईंनी तो धरू दिला, पण स्वतःहून धरला नाही.

गाळ्यापुढे तांदळाची गाडी लागली होती. मुकादम रामदास, लोणी काळभोरचा, साठीला आलेला माणूस, गाडीच्या फळीवर उभा राहून पोती मोजत होता. त्यानं विमलाबाईंना पाहिलं, आणि त्याची मान आपोआप खाली गेली. टोळीतले दोघं गाडीआड झाले.

"लपू नका," विमलाबाई म्हणाल्या. "कॅमेरा सापडला."

"सापडला? बरं झालं, आक्का."

"दुरुस्तीच्या दुकानात होता. तो गेला त्याच्या आधी दीड वर्ष."

रामदास खाली उतरला. बराच वेळ त्यानं मानेवरचा रुमाल नीट केला.

"कुठं पडला तो?" त्यांनी विचारलं. "रस्त्यात नाही ना?"

"न्हाई. त्या थप्पीपाशी. पोतं खाली ठेवलं, पाणी मागितलं, आन् बसला."

"ठेवलं? टाकलं नाही?"

"ठेवलं, आक्का. नीट ठेवलं."

विमलाबाईंनी थप्पीकडे पाहिलं. तिथं आता साखरेची पोती होती.

"मी इथं येऊन तुम्हाला चोर म्हणाले. पोराबाळांवर गेले. एक शब्द बोलला असतास, तर तोंड बंद झालं असतं माझं. का नाही बोललास?"

"त्यानं घरी सांगू नका म्हनून सांगितलं हुतं." रामदासनं खांदे उडवले. "आन् तुमचं पोरगं गेल्यालं. तुम्ही बोलून मोकळ्या झाला. आमचं काय गेलं?"

विमलाबाईंच्या तोंडाशी माफीचा शब्द आला असेल, नसेल. तो शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता, आणि आता तो कसा द्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढली.

"दहा तारखेला सकाळी वंदना आहे. मग जेवण. सगळ्यांनी यायचं. कितीजण आहात?"

"अकरा."

"चपात्या मी करणार आहे. आचाऱ्याच्या नाहीत. नाही आलात तर बघा."

रामदासनं हात लेंग्याला पुसले आणि पत्रिका घेतली. बोट ठेवून नाव वाचलं, नावाखालचं वाचलं. घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

"बसा जरा. च्या सांगतो."

"बसायला नाही आले. तुमची गाडी खोळंबली, ती करा."

माणसं परत फळीला लागली. दोघं वरून पोतं उचलून देत, खालचा गुडघ्यात वाकून पाठ पुढं करी, ओझं टेकताना एकदा श्वास रोखी, आणि मग बारीक बारीक पावलं टाकत आत जाई. नवऱ्याचं अख्खं आयुष्य त्यात गेलं, आणि विमलाबाईंनी ते असं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. डबा पोचवायला यायच्या, तेव्हा दारातूनच देऊन फिरायच्या.

"आई, निघायचं?" निकितानं हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ऊन अंगावर आलं होतं. गाडी पूर्ण खाली होईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.