सौ.चा रकाना

अंगणात सुपाऱ्या वाळत पडलेल्या.

संगणकात एक रकाना असा असतो, की त्याला दोनच उत्तरं कळतात. हो, नाहीतर नाही.

तिळाचे लाडू वळताना हाताला तूप लावायचं. पाणी नाही.

‘श्री.’ एकदा लागलं की मरेपर्यंत पुरतं.

नागावच्या इराच्या घरी त्या सकाळी हे सगळं एकत्र आलं.

इरा घरूनच वेबसाइट बनवते. ज्ञातिमंडळाची वेबसाइट तिच्याकडे आली होती आणि ती कशावर उभारायची, ते ठरत नव्हतं. एक प्रणाली तयार मिळणारी. तिच्यात कार्यकारिणीतला कुणीही माउस फिरवून हवा तो रकाना वाढवू शकतो. दुसरी कोड-फर्स्ट, तिच्यात प्रत्येक रकाना आधी कोडमध्ये लिहावा लागतो. लिहिला नाही, तर तो नसतोच.

मंडळाचे अध्यक्ष विश्वंभरकाका, तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, खुर्ची ओढून बसले.

“बायकांच्या नावाआधी संबोधन हवं हो. कु., सौ., श्रीमती. म्हणजे हळदीकुंकवाचं आमंत्रण आपोआप सौ.नाच जाईल. चुकून भलतीकडे गेलं, की त्या बाईलाच अवघड होतं.”

“कुठल्या बाईला, काका?”

आत लाडू वळणारे इराच्या आईचे, अनुसूयेचे हात थांबले. इराचे बाबा गेल्यापासून समारंभाचे लाडू तिने वळायचे आणि समारंभाला जायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलं होतं. मंडळाचा माणूस डबा भरलेला नेई, रिकामा आणून देई.

“उगाच फाटे फोडू नको, इरा.”

“काकू गेल्या. तुमचं श्री. कुठे गेलं?”

“पुरुषांचं वेगळं असतं.”

“ते वेगळं मला हाताने लिहावं लागेल. नाही लिहिणार.”

“मग ती माउसवाली घे. रकाना कार्यकारिणीतला आमचा वरद घालेल.”

“म्हणूनच ती घेत नाही.”

“काम काढून घेऊ तुझ्याकडून!”

“घ्या. पण दुसऱ्याला सांगताना स्पष्ट सांगा, रकान्याला हो की नाही एवढंच कळतं. विधवा वगळ, असं. याच शब्दांत. आत्ता एकदा म्हणून बघा.”

काकांनी तोंड उघडलं. संबोधन हा शब्द किती सहज निघाला होता. हा निघेना.

अनुसूया तूप लागलेल्या हातांनीच बाहेर आली.

“भावजी, यंदा डब्याला माणूस पाठवू नका. मीच घेऊन येते.”

“वहिनी, अहो, पण आमंत्रण...”

“लाडू माझे. मला कसलं आमंत्रण?”

“कार्यकारिणीपुढे ठेवतो,” एवढंच म्हणून काका उठले. चप्पल घालताना डावी-उजवी झाली.

काम गेलं तर जाईल. इराने माउसवाली खिडकी बंद केली आणि कोड-फर्स्टमध्ये पहिला रकाना लिहिला. बायकांना तोच, पुरुषांना तोच : नाव. त्याआधी काही नाही.

अनुसूयेच्या लग्नपत्रिकेत, लग्न लागायच्या आधीच, तिच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ छापलेलं होतं.