हिरव्यागार शेंगा

मी छापखान्यात रंग जुळवतो. हिरव्याच्या अकरा छटा डोळे मिटून सांगेन, अशी माझी बढाई. बायको म्हणते, एकदा उघडे ठेवून सांग.

बांधणी विभागातल्या चिनी बाईंनी मला त्यांच्या घरचा एक पदार्थ शिकवला, फरसबी आणि डुकराच्या खिम्याचा. तेव्हा एकच गोष्ट त्यांनी तीनदा बजावली होती. "शेंगा आधी तेलात सुरकुतेपर्यंत परता. रंग उतरला तरी चालेल. कच्ची फरसबी पोटात गेली तर माणूस आडवा होतो." मी मान डोलावली.

रविवारी बायकोचा थोरला भाऊ आणि त्याची बायको जेवायला होते. बायकोला मी ओट्याजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. शेंगा कढईत पडल्या आणि असा काही हिरवा रंग चढला, की तो उतरेपर्यंत थांबणं माझ्या जिवावर आलं. दोन मिनिटांत काढल्या. मग लसूण, आलं, सुक्या मिरच्या, खिमा, सोया सॉस आणि त्यावर परत शेंगा. वाढताना मी चारदा म्हणालो, "रंग बघा!" शेंगा दाताखाली कचकच वाजत होत्या. मेहुणे म्हणाले, "झकास!"

चार वाजायच्या आत चौघंही न्हाणीघराच्या दाराशी रांगेत. मेहुण्यांनी पोट धरून निकाल दिला, "मांस शिळं होतं." खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, "असेल."

बायकोनं तोंड धुऊन थेट खाटकाला फोन लावला. त्याची अशी खरडपट्टी काढली, की समोरच्या गॅलरीतल्या बाईंनीही ऐकली. गल्लीभर पोचवायचं काम त्यांनी केलं. मी शेजारीच उभा होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून.

गुरुवारी कामावरून येताना खाटकानं मला हाक मारली. दुकानात लाकडी ठोकळा घासून पांढरा केलेला, काच लखलखीत आणि गिऱ्हाईक एकही नाही. तीस वर्षं नुसत्या वासावर माल पारखणारा माणूस माझ्याकडे बघत होता.

"भाऊ, खरं सांगा, वास येत होता का? मला तर काही जाणवलं नाही. माझं नाकच गेलं असेल तर दुकान बंद करतो. लोकांना आजारी नाही पाडायचं मला."

खरं ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "किंचित."

तो मान खाली घालून आत गेला. माझी मलाच किळस आली.

घरी चहा पुढे आला तसं मी बायकोला सगळं सांगून टाकलं, 'किंचित' सोडून. तिनं कप खाली ठेवला.

"म्हणजे त्या माणसाला मी उगाच बोलले? आणि तू ऐकत उभा राहिलास? ऊठ, आत्ता जाऊन सांग."

"शनिवारी जातो. गिऱ्हाइकांसमोर कसं…"

"गिऱ्हाइकं उरलीत कुठे?"

मी खुर्चीतून हललो नाही. तिनं चपला घातल्या आणि निघून गेली. तासाभरानं आली, "झालं" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली. काय झालं ते मी विचारलंही नाही. सुटलो असं वाटलं मला, आणि त्याचीच आता सर्वात जास्त लाज वाटते.

शनिवारी दुकानात चार-पाच जण उभे होते, गॅलरीतल्या बाईही त्यांच्यात. मला बघताच खाटीक हात पुसत पुढे आला. चेहरा उजळलेला.

"भाऊ, वहिनींना बोलू नका हं. कुणाच्याही हातून होतं. समोरच्या बाईंना सोबत घेऊन आल्या, म्हणाल्या, स्वयंपाक मीच केला होता, शेंगा माझ्याच हातून कच्च्या राहिल्या. एवढं कोण सांगतं हो?" मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुम्ही त्या दिवशी 'किंचित' का म्हणालात, तेही समजलं मला. बायकोला सांभाळून घेतलंत. नवऱ्यानं असंच असावं."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"नाही बोलणार तिला," मी म्हणालो.